पिल्लांची घरं आधी शोध

धाकटे, परवा मी एसटीत होते. घाट उतरताना रेंज गेली आणि आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तू एका दमात सांगितलंस, "ताई, आमची चांदी माजावर आली. आठ महिन्यांची झाली. दीर म्हणतात, शेजारच्या गावात एक जबरा नर आहे. आत्ता लावली तर दिवाळीत पिल्लं हातात येतील, चार पैसे मिळतील. काय करू?"

माझं उत्तर ऐक. या माजात चांदीला नर दाखवू नकोस. पुढच्याही माजात नाही. दीर रुसले तरी चालेल. आता याची कारणं सांगते. ती नीट समजून घे, कारण घरात हे तुलाच बोलावं लागणार आहे.

आपल्याकडं चांदीसारखं कारवान कुत्रं पुरुष आणतात. बाजारात, पारावर, मित्रांत त्याच्या पळण्याच्या गोष्टी तेच सांगतात. पण सकाळी ताकात भाकरी कुस्करून पुढं ठेवणारी, गोठ्यातली घाण काढणारी, कानातल्या गोचिडी वेचणारी आणि कुत्री रात्री विताना बॅटरी धरून बसणारी घरातली बाईच असते. म्हणून कुत्रीच्या बाजूनं बोलायचा हक्क तुझा आहे. तो सोडू नकोस.

तुला हिरा आठवणार नाही, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. आजोबांनी आणलेली ती कारवान कुत्री, पिवळसर रंगाची, लांब तोंडाची. पहिल्याच माजात, जेमतेम नऊ महिन्यांची असताना तिला नर दाखवला. घरात कुणाला वाईट वाटलं नाही, कारण तेव्हा सगळे असंच करायचे. सहा पिल्लं झाली. हिरा स्वतःच अजून वाढत होती. अंगावर मांस नव्हतं, सडांना दूध नव्हतं. ती पिल्लांजवळून उठून जायची आणि आई तिला धरून परत आणायची. आठवड्यात चार पिल्लं गेली. हिरा वाचली, पण पुन्हा कधी तशी पळाली नाही. तिच्या फासळ्यांवरून हात फिरवताना मला जे वाटायचं, ते तुझ्या वाट्याला येऊ नये.

तुमच्या दारात कोण आहे, ते आधी ओळख. कारवान ही साधी राखणीची जात नव्हे. गावात कुणी तिला कारवानी म्हणतात, कानाशेपटीला झुपकेदार केस असले की पश्मी म्हणतात. तांड्यांबरोबर, काफिल्यांबरोबर फिरलेली ही कुत्री, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्या कन्नड तालुक्यात तांडे किती आहेत ते तुला माहीतच आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी हीच कुत्री जोपासली, म्हणून तिकडं ती मुधोळ हाउंड झाली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठी वेगळं केंद्र आहे. २०१६ मध्ये तिथली पिल्लं मेरठला लष्कराच्या प्रशिक्षणासाठी गेली. म्हणजे दिरांना या जातीचा अभिमान वाटतो, तो खराच आहे. तो मोडू नकोस. त्याच अभिमानाच्या आधारानं त्यांच्याशी बोल.

ही जात वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालते. लांब अंतरावर काही हललं की तिची मान ताठ होते आणि क्षणात ती सुटते. सुटल्यावर तिला तुझी हाक ऐकू येत नाही, रस्ता दिसत नाही, ट्रकही दिसत नाही. म्हणून तिचं शिक्षण पळण्यापासून सुरू होत नाही, थांबण्यापासून होतं. पळायला तिला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यासाठी रोज पंधरा मिनिटं काढ. एक साधी शिट्टी घे आणि ती फक्त तूच वाजव. जेवण पुढं ठेवताना शिट्टी, अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून बोलावताना शिट्टी. ती आली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा दे. मग तीस फुटांची दोरी पट्ट्याला बांधून शेतात तेच कर. एक गोष्ट कधी करू नकोस. ती उशिरा आली म्हणून मारू नकोस. तुझ्या दृष्टीनं ती पळून गेली म्हणून तू मारतेस, पण तिला कळतं ते एवढंच, की तुझ्याजवळ आलं की मार बसतो. पुढच्या वेळी ती येणारच नाही. या जातीचं मन फार हळवं असतं. एकदा जोरात ओरडलेलं ती चार दिवस मनात ठेवते.

कोंबड्या, शेळ्या, वासरं यांच्याजवळ तिला रोज पट्ट्यावर घेऊन बस. तिनं शेळीकडं पाहून नजर तुझ्याकडं वळवली की लगेच अंड्याचा तुकडा दे. खरं तर हे सगळं तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हायला हवं. त्या काळात पिल्लू जे पाहतं, ते त्याच्या जगातलं होतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, ट्रॅक्टरचा आवाज, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, सगळं दाखवायचं. चांदीचा तो काळ गेला. आता वेळ जास्त लागेल, पण जमतं.

आणि जावईबापूंना सांग, दुचाकीमागं पळवणं बंद. डांबरी रस्त्यावर कुत्रं मोटारसायकलीमागं पळवून त्याचा वेग मोजतात, त्याचे व्हिडिओ करतात. या मोठ्या चणीच्या जातीची हाडं वर्ष-सव्वा वर्षापर्यंत वाढत असतात. हाडांच्या टोकाशी अजून कूर्चा असते, तिच्यावर मार बसला तर पाय कायमचा वाकतो. आपल्या शेजारच्या आळीत असाच एक देखणा नर लंगडा झाला. हाडं पक्की होईपर्यंत चांदीला मोकळ्या मातीच्या रानात तिच्या मनानं खेळू दे. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आणि मावळल्यावरच. जेवणानंतर दोन तास पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

भाकरी दे, ज्वारीची दे, बाजरीची दे, पण नुसत्या भाकरीवर हे अंग उभं राहत नाही. अंडी, चिकन किंवा मासे रोज थोडे तरी हवेत. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरतात आणि आतडी फाडतात. कांदा आणि द्राक्षं नकोत. चांदीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसल्या तर घाबरू नकोस, या जातीचा बांधाच तसा. कण्याचे मणके आणि कुल्ल्याची हाडं टोचायला लागली, तर मात्र ती उपाशी आहे.

गोचिडींकडं पावसाळ्यात रोज बघ. गोचिडीतून ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. तेव्हा गुरांसाठी आणलेलं औषध अंदाजानं टोचू नकोस. सरळ जनावरांच्या दवाखान्यात ने. आणि कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना आवर्जून सांग, की ही हाउंड जातीची आहे. या कुत्र्यांना भुलीची काही औषधं फार काळ चढतात. भूल निवडताना त्याचा विचार करावा लागतो.

आता तुला जे बोलायला जड गेलं, ते मी बोलते. दीर चांदीला पहाटे मक्याच्या रानात सशामागं सोडतात. तू "फिरायला नेतात" म्हणालीस, पण मला कळलं.

धाकटे, आजोबांच्या तरुणपणी ससा आणणं ही मर्दुमकी होती. ते दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. वन्य प्राण्यामागं कुत्रं लावून त्याला पळवणं, हाकणं, तसा प्रयत्न करणं हेही त्या कायद्यात शिकारच आहे. ससा हाती लागला नाही म्हणून सुटका होत नाही. तुमचं गाव गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कडेला आहे. १९८६ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं ते जंगल. त्याच्या हद्दीत हा गुन्हा घडला तर शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे. मोबाइलवर टाकलेला व्हिडिओ हाच पुरावा होतो. घरातला कर्ता मुलगा एका सशापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार का, एवढंच दिरांना विचार.

ते म्हणतील, मक्यात रानडुकरं घुसतात, रोही घुसतात, कुत्रं नको तर काय करू? त्यांचं दुखणं खरं आहे. एका रात्रीत अर्धा एकर मका आडवा झालेला मी पाहिला आहे. पण रानडुकराच्या सुळ्यानं कुत्र्याचं पोट उभं फाटतं. पातळ कातडीची कारवान तर पहिल्याच धडकेला जाते. वन्य प्राण्यांनी पीक खाल्लं तर वन खात्याकडून भरपाई मिळते. नुकसान झाल्या दिवशीच फोटो काढा, सातबारा घ्या, वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा मागा. पैसे उशिरा येतात, हे मला माहीत आहे. तरी अर्ज केल्याशिवाय येतच नाहीत. चांदीनं घराजवळ राहून भुंकावं, माणसाला जागं करावं, एवढीच राखण तिच्याकडून घ्यायची.

आणि रात्री तिला बाहेर बांधून ठेवू नका. साखळीतलं कुत्रं बिबट्यासमोर हतबल असतं. आपल्या पलीकडच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. त्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. चांदी रात्री बंद दाराआड, गोठ्यात किंवा ओसरीत हवी. तिच्या जिवासाठी हवी आणि तुझ्या लेकरांसाठीही. कुत्र्याच्या मागं बिबट्या अंगणात येतो.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी लसही चुकवायची नाही. २०१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी गीरच्या एका भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि मेलेल्या सिंहांमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांतला रोग. गौताळ्यात बिबटे आहेत, लांडगे आहेत. तुमच्या कुत्र्याची लस त्यांच्याही कामाची आहे. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, तीन महिन्यांना रेबीजची, आणि रेबीजची दरवर्षी. चांदीचं कार्ड काढून बघ. नसेल तर याच आठवड्यात दवाखान्यात जा.

मग तिच्या वेगाचं करायचं काय? वेग तिच्या रक्तात आहे, तो कोंडला तर ती दार कुरतडेल. हाडं पक्की झाली की लांब दोरीला जुन्या चिंध्यांचा गोळा बांध, पेरणीआधीच्या मोकळ्या रानात कुणीतरी तो झपाट्यानं ओढायचा आणि चांदीनं त्यामागं सुटायचं. बाहेरदेशी ग्रेहाउंडांना असंच पळवतात. दिरांना हे काम दे. त्यांची हौस फिटेल, चांदीचीही, आणि ससा आपल्या झुडपात राहील.

आता मूळ प्रश्नावर येते.

आज चांदीच्या माजाचा कितवा दिवस आहे ते मोज. साधारण तीन आठवडे तिला बंद दाराआड ठेव. रक्त कमी झालं, फिकट झालं की लोक म्हणतात, संपलं. तेव्हाच खरा धोका असतो. नवव्या-दहाव्या दिवसापासून ती नराला जवळ येऊ देते. या दिवसांत तिला बाहेर न्यायचं ते पट्ट्यावर, तूच. चुकून एखादा नर लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. माज थांबवायची इंजेक्शनं कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, त्यानं गर्भाशयात पू होऊ शकतो.

पिल्लं विकण्यासाठी कुत्री वाढवणाऱ्यांना २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी. कुत्री दीड वर्षाची व्हायच्या आत नर दाखवायचा नाही. आठ वर्षांनंतर नाही. सगळ्या आयुष्यात पाच वेतांच्या वर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. दिरांचा हिशेब या नियमांशी जुळवून बघ. आता श्रावणात लावली तर त्रेसष्ट दिवसांनी आश्विनात वेणार, आणि दिवाळीला पिल्लं जेमतेम तीन-चार आठवड्यांची. तेव्हा त्यांना आईच्या सडापासून तोडायचं, म्हणजे पिल्लूही बिघडतं आणि घेणाऱ्याचा विश्वासही.

पहिला माज सोड, दुसरा सोड. तिसऱ्याला चांदी दीड वर्षाच्या पुढं गेलेली असेल. तेव्हा विचार कर, आणि तोही पुढच्या गोष्टी जमल्या तरच.

तो शेजारच्या गावचा नर कुणाचा मुलगा आहे, ते विचार. आपल्या भागात ही कुत्री हातावर मोजण्याइतक्या घरांतून आलेली आहेत. चांदीचा तो भाऊ किंवा बाप निघाला तर रक्तातले लपलेले दोष पिल्लांत वर येतात. बहिरी, आंधळी, अशक्त पिल्लं जन्मतात आणि मग जात खराब झाली म्हणून आपणच नावं ठेवतो. वहीत दोन्हीकडची तीन पिढ्यांची नावं लिही. नर वेगवान असला तरी माणसावर गुरगुरत असेल तर नको. डोळे, हृदय, सांधे तपासून घे. ब्रुसेलाची तपासणी दोघांचीही करून घे, त्या रोगानं गर्भ पडतो आणि तो माणसालाही लागतो.

गाभण राहिली तर शेवटच्या तीन आठवड्यांत खाणं हळूहळू वाढव, थोडं थोडं, तीन-चार वेळा. कॅल्शियमची बाटली मात्र स्वतःच्या मनानं पाजू नकोस. गाभणपणात जास्त दिलं तर व्यायल्यावर झटके येतात. वेण्याची जागा आधीच कोरडी, उबदार, वर्दळीपासून लांब तयार कर. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला, तर वाट बघत बसू नकोस, डॉक्टरांना बोलाव. तीन-चार आठवड्यांनी पातळ खाणं सुरू कर. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं.

आणि माद्या टाकायच्या नाहीत. आपल्याकडं नर ठेवतात आणि माद्या पोत्यात घालून गावाबाहेर सोडतात. ते पोतं आईनं एकदा परत घरी आणलं होतं, ते मी विसरलेली नाही. ज्या घरात मादी नकोशी असते, त्या घरात वेत नकोच. पिल्लं नकोच असतील तर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घे. त्यात कमीपणा काही नाही. चांदी एकही वेत न देता तुमच्या दारात तेरा वर्षं सुखानं जगली, तरी तिचं सोनं झालं.

आता पोळा येतो आहे. आदल्या दिवशी जावईबापू बैलांचे खांदे तुपानं-हळदीनं मळतील. ज्याच्याकडून काम घेतलं, त्याच्या अंगाची काळजी घ्यायची ही आपली रीत. त्या संध्याकाळी दिरांजवळ बस. भांडू नकोस. कारवान ही आपल्याच रानामाळाची जात आहे, ती टिकावी असं तुम्हालाही वाटतं ना, असं विचार. ते हो म्हणतील. मग एक वही पुढं ठेव आणि म्हण, चांदीची पिल्लं कुणाकुणाला द्यायची, ती नावं लिहू. ज्याच्याकडं बंद दार आहे, जो साखळीवर आयुष्य काढायला लावणार नाही, सशामागं सोडणार नाही, लस देईल, मादीही घेईल आणि जमलं नाही तर पिल्लू परत आणून देईल, अशांचीच नावं.

सहा-सात पिल्लं होतील. तेवढी घरं वहीत आली, तर चांदीला दीड वर्ष पूर्ण झाल्यावर मला फोन कर, मी स्वतः तुझ्याबरोबर नर बघायला येईन. नाही आली, तर चांदीला नर दाखवू नकोस.